शिळं पाणी

सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला,
नळी कोपराच्या खोबणीत ठेवली
आणि डोळे मिटले.

मी म्हणालो, असंच ऐकतो की मी,
रात्री तीनला, चौबाऱ्याच्या चेंबरात
लोखंडी गज कानाला लावून.
आधी हवा खोकते,
मग बारीक ठोके,
मग काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे लाईन भरली.

"बोलू नका मष्णाजी, आकडा चुकतो,"
फरजाना सिस्टर म्हणाल्या.
मग बोटानं माझी नडगी दाबली.
खड्डा पडला आणि तसाच राहिला,
चिखलात म्हशीचा खूर राहतो तसा.

डॉक्टर अहमदपूरचं पोरगं.
केसपेपरच्या पाठीवर त्यानं नकाशा काढला.
नकाशा मला कळतो.
उदगीरच्या अर्ध्या पाईपलाईनी
कागदावर नाहीत, माझ्या डोक्यात आहेत.

पंप हा इथं, छातीत. जुना झालाय, पाणी उचलत नाही.
मानेत दोन राखणदार,
नस किती ताणली ते दर ठोक्याला मेंदूला कळवतात.
(आमच्या साहेबांना फोन लावा, तीन दिवस लागत नाही.)
कमरेवर दोन गाळण्या.
दिवसाला पावणेदोनशे लिटर गाळतात,
दीडेक लिटर सोडतात,
बाकी सगळं परत आत.

"एवढं पाणी आणतात कुठून?"
"तेच तेच फिरतं, काका."

तेच तेच फिरतं!
मी बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसलो.

"मग बिघाड कुठं?"
बिघाड नाही म्हणाला,
किडनीला वाटलालंय दुष्काळ पडलाय.
पंपाचा जोर कमी,
तिच्या दारात धार करंगळीएवढी,
पायात तळं साचलंय ते तिला दिसत नाही.
मग ती मीठ धरून ठेवते,
मीठ पाण्याला धरून ठेवतं.
बारीक नळ्या आवळा, असा सांगावा धाडते,
घशाला म्हणते, तहान लाव.
वरनं काळीज चिठ्ठ्या पाठवतंय,
भरलंय, सोडा, सोडा,
पण दुष्काळात कोण सोडतंय?

मला चंद्रकलाबाई आठवली, किल्ला गल्लीतली.
नळ आठव्या दिवशी. ती बॅरल भरते, हंडे भरते,
कुकर भरते, नातवाचा पाण्याचा डबा भरते,
आणि नवं पाणी आलं
की जुनं अर्धं बॅरल रस्त्यावर ओतते. शिळं झालं म्हणून.
एकदा मी भांडलो तिच्याशी.
ती म्हणाली, "तुमची चावी परत कवा फिरंल,
तुम्हाला तरी ठाव आहे का?"
मला ठाव नव्हतं.

तेव्हापासून तिच्यावर राग नाही,
आता किडनीवर तरी कसा धरू?

पाणी सोडायची गोळी, सकाळी एक.
ठेचा बंद, खारी मिरची बंद.
प्यायचं पाणी मोजून.
नातीनं तांब्यावर नेलपेंटची रेघ ओढली
आणि बजावलं, "आबा, ह्याच्या वर नाही."
गावाला पाणी सोडणारा माणूस
रेघेपाशी थांबतो.

बंकटलालच्या धान्याच्या काट्यावर रोज उभा राहतो.
चार दिवसांत अडीच किलो उतरलो.
म्हणजे अडीच लिटर.
एक कळशी सुद्धा भरत नाही एवढ्यात,
आणि एवढ्यासाठी मला
रात्री उशाला तीन उशा लागत होत्या.

काल पुन्हा ड्युटी.
चेंबरात उकिडवा बसलो, चावी लावली.
एकदम खोलायची नाही, पाईप फुटतो.
चौथाई फेरा. थांब. पुन्हा चौथाई.
गजाला कान: खोकला, ठोके,
मग ती भरलेली शांतता.

उठताना डोळ्यांपुढं काळोख आला.
डॉक्टर म्हणाला होता, हळू उठा,
मानेतल्या राखणदारांना जरा वेळ द्या.
भिंतीला हात लावून उभा राहिलो.
निरोप पायापर्यंत जायचा होता.
गल्लीत कुणीतरी शिळं पाणी ओतत होतं.
गेला असावा निरोप,
कारण दिवे पुन्हा दिसायला लागले,
आणि अजून चार व्हॉल्व्ह बाकी होते.